पपईतला खेकडा

"आला, आला! पाय दिसला!"

अख्खं मैदान एकदम पुढे सरकलं. मागच्या बाया टाचा उंचावून पुढच्यांच्या खांद्यांवरून डोकावू लागल्या. दोन तरुण गोलपोस्टावर चढले आणि तिथे बांधलेला कर्णा किंचाळला. सरोवराकाठच्या बुयोझी गावाच्या या मैदानावर फुटबॉलच्या सामन्यालासुद्धा कधी एवढी माणसं जमली नव्हती.

मधोमध चटईवर मा अनास्ताझिया पाय पसरून बसली होती. तिच्या पोटात गाठ होती आणि त्या पोटावर केळीच्या पानाचं एक ओलं पुडकं ठेवलेलं होतं. पांढऱ्या झग्यातला संदेष्टा झेबेदायो गुडघे टेकून पुडक्याची दोरी सोडत होता. पान उलगडलं. आतल्या हिरव्या लगद्यातून चिखलाच्या रंगाचा एक खेकडा आळोखेपिळोखे देत उठला आणि त्याने एक नांगी वर केली. जणू जमलेल्या मंडळींना नमस्कारच केला.

"हालेलुया!"

"बघा, लेकरांनो!" संदेष्ट्याने खेकडा उंच धरला. "डॉक्टर या रोगाला काय म्हणतात? सरतानी! आणि अरबांच्या भाषेत सरतानी म्हणजे काय? खेकडा! रोगाच्या नावातच हा बसलाय. नाव डॉक्टरांना ठाऊक, पण धरता कुणाला आला?"

"तुम्हालाच!"

"त्यांच्याकडे मोठमोठी यंत्रं आहेत. त्या यंत्रांत हा दिसतो का? नाही! का दिसत नाही?"

मैदानाला ते माहीत नव्हतं.

"कारण यंत्र सरळ बघतं आणि हा तिरका चालतो!"

हे स्पष्टीकरण लोकांना इतकं आवडलं की टाळ्या थांबेनात.

मैदानाच्या कडेला फणसाच्या झाडाखाली क्यारुझी मास्तर उभे होते. गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित आणि विज्ञान शिकवलं, पण वर्गाबाहेर चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. आताही त्यांच्या मनात एक प्रश्न आला होता. तो त्यांनी शेजारच्या माणसाला कानात विचारला.

"खेकडा आतून बाहेर आला, तर पोटाला भोक कुठे आहे?"

"मास्तर," शेजारी म्हणाला, "सगळा गाव चमत्कार बघतोय आणि तुम्ही भोकं शोधा."

मास्तर ओशाळले. कदाचित आपलंच चुकत असेल, असं त्यांना वाटलं. तसं त्यांना नेहमीच वाटायचं.

पुढे चार शिष्यांनी एक पांढरी पेटी बांबूंवर तोलून उचलली. पेटीला सोनेरी कागद चिकटवलेला होता. तिला बायबलातल्या पवित्र पेटीचं नाव दिलेलं होतं, 'कराराचा कोश'. पुडकी तिच्यातूनच निघायची. नियम दोनच होते. कोशाला संदेष्ट्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावला तर तो जागीच मरेल. आणि पुडकं वेळेआधी उघडलं तर रोग उघडणाऱ्याच्या अंगावर उडी मारेल.

चटईच्या बाजूला भजनमंडळी उभी होती. त्यात सगळ्यात पुढे, सगळ्यात उंच आवाजात गात होती कोकू, मास्तरांची बायको. मास्तर खेकडा विसरले आणि तिच्याकडेच बघत राहिले. कोकूच्या डाव्या स्तनात गाठ होती. हल्ली पाण्याची घागर डोक्यावर घेताना ती उजवाच हात वर करायची.

*

"पुढच्या शनिवारी चटईवर मी बसणार," घरी आल्यावर कोकू म्हणाली. तिने उकडून वाळवलेल्या कॉफीच्या बियांची परडी मास्तरांपुढे सरकवली आणि स्वतः एक बी दाढेखाली धरली.

"आणि म्वान्झाला?"

"म्वान्झाला मी जाणार नाही. सांगून झालंय. किती वेळा सांगू?"

महिन्यापूर्वी दोघं बसने म्वान्झाच्या मोठ्या इस्पितळात गेली होती. तिथल्या डॉक्टर मिन्झा नावाच्या तरुण बाईने गाठीचा तुकडा तपासला आणि तो कर्करोगच असल्याचं सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढून ती म्हणाली होती की, पासष्टीपुढच्या बायांसाठी एका नव्या गोळीची चाचणी सुरू होतेय, तुम्ही तिच्यात यावं असं मला वाटतं. चाचणीला तिने स्वाहिलीत शब्द वापरला माजारिबिओ. तो ऐकताच कोकू पिशवी उचलून उभी राहिली ती थेट बसस्टँडवरच थांबली.

बुयोझीत माणसं घरात आपली हाया बोली बोलतात, बाजारात दोन्ही भाषा मिसळून बोलतात, पण देवाशी बोलायचं ते स्वाहिलीत. पाद्रीबाबांनी प्रार्थना त्याच भाषेत शिकवली होती. आणि रोजच्या प्रार्थनेत देवाकडे एक मागणं असतं, आम्हाला माजारिबूत घालू नकोस. माजारिबू म्हणजे सैतान घेतो ती परीक्षा. माजारिबिओ म्हणजे औषधाची चाचणी. एकाच घरातल्या दोन बहिणी आहेत त्या, पण कोकूच्या कानाला दोघींचा चेहरा एकच दिसत होता.

"लहानपणापासून रोज सकाळी मी देवाला सांगतेय, मला त्यात घालू नकोस," ती म्हणाली. "आजवर त्याने ऐकलं. आता मी आपल्या पायांनी, वर बसचं तिकीट काढून, त्यात जाऊन बसू? देव म्हणेल, ही बाई डोक्यावर पडली काय?"

"अगं, तो शब्द वेगळा आहे. शेवटी 'बू' नाही, 'बिओ' आहे."

"एका अक्षराने नरक चुकतो होय? मग तुम्ही मुलांचे एका अक्षरासाठी कान का पिळायचात?"

मास्तरांनी परडीतली एक बी उचलून दाढेखाली धरली. तेवढ्यात दार-एस-सलामहून मुलाचा, मुजुनीचा फोन आला. तो एवढ्या जोरात बोलायचा की फोन कानापासून दूर धरला तरी चाले.

"बाबा, आईला प्रयोगाचा उंदीर करू नका हं! या वयात कशाला ते सगळं? आहेत ते दिवस सुखाने जाऊ देत."

कोकूने फोन हिसकावला. "या वयात म्हणजे कुठल्या वयात रे? मागच्या हंगामात तुझ्या इथल्या बागेत कॉफी तोडायला माणसं मिळेनात तेव्हा मलाच कामाला लावलंस. तेव्हा माझं वय कुठे गावाला गेलं होतं?"

"आई, मी तुझ्याच बाजूने बोलतोय. जाऊ नको असंच म्हणतोय."

"ते मी ठरवेन. तू नाही." तिने फोन बंद केला आणि नवऱ्याकडे वळली. "आणि म्वान्झाला मेले तर मला आणणार कोण? इथे केळीच्या बागेत सासूबाईंच्या शेजारी माझी जागा ठरलेली आहे. त्या वाट बघत असतील, भांडण अर्धवट राहिलंय आमचं."

मास्तर हसले, पण त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. चाचणीची नावनोंदणी महिनाअखेरीस बंद होणार होती. जा, असं ठामपणे सांगावं असं त्यांना फार वाटत होतं. पण आपण सांगितलं, ती गेली आणि त्या गोळीनेच तिचं काही बरंवाईट झालं तर? आयुष्यभर मुलांच्या चुकांखाली लाल रेघ मारणाऱ्या माणसाला स्वतःच्या चुकीची भीती जास्त असते. ते नुसतं म्हणाले, "बघ बाई."

"बघायचं काय त्यात? अनास्ताझियाचा खेकडा निघालाच ना? ती आता इस्पितळातल्या गोळ्यासुद्धा घेत नाही. म्हणाली, पुडकं पोटावर ठेवलं तेव्हा इतकं गार लागलं की दात वाजायला लागले. मग हळूहळू हुळहुळायला लागलं. संदेष्टे म्हणाले, सैतान गारच असतो."

"मग नरकात आग कुणासाठी पेटवतात?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

कोकूला हसू फुटलं. ते तिने पदरासारख्या ओढलेल्या कांगाच्या कापडात लपवलं आणि डोळे वटारले. "पाप लागेल! आधीच गाऊन गाऊन माझा घसा बसलाय. हे संदेष्टे सगळी कडवी म्हणायला लावतात. मागच्या शनिवारी आभाळ आलं होतं, गारवा होता, तर अख्खं भजन दोनदा म्हणायला लावलं."

मास्तरांची दाढेखालची बी तिथेच राहिली.

"आभाळ होतं तेव्हा दोनदा?"

"हो. का?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. पण संध्याकाळभर त्यांचं पुस्तक उघडंच राहिलं आणि पान काही उलटलं नाही.

*

सकाळी मासे विकत घेणारे व्यापारी सरोवराच्या काठी बर्फ घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी मास्तर तिथे सहज फिरायला म्हणून गेले. त्यांना मासे विकत घ्यायचे नव्हते, त्यामुळे काय करावं ते कळेना आणि ते एका होडीकडे फार लक्ष देऊन बघत उभे राहिले. थोड्या वेळाने संदेष्ट्याचे दोन शिष्य पोतं घेऊन आले, बर्फाच्या लाद्या घेतल्या आणि गेले.

"हे लोक मासे कधीपासून विकायला लागले?" मास्तरांनी बर्फवाल्याला विचारलं.

"मासे नाही हो, मास्तर. कोशात घालायला नेतात. देवाला उन्हाळा सोसत नाही म्हणे."

मास्तरांनीही बर्फाचा एक खडा मागून घेतला. मग ते ओढ्यात उतरले. खेकडा धरायला ते लहानपणानंतर पहिल्यांदाच वाकले होते. खेकड्याने त्यांना धरलं, त्यांनी खेकड्याला धरलं, आणि दोघंही चिखलाने माखून घरी आले.

"मास्तर!" कोकू स्वयंपाकघरातून ओरडली. "माझ्या पातेल्यात हे काय मरून पडलंय?"

"मेलं नाही. गारठून झोपलंय. तू बस इथे." मास्तरांनी बर्फातला निपचित खेकडा काढून केळीच्या गाभ्याच्या लगद्यात ठेवला, वर पान गुंडाळलं आणि पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. "आता भजन म्हण."

"आता? इथे? चुलीपाशी?"

"म्हण तर. सगळी कडवी."

नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हुकूम सोडला, या नवलाने कोकू गाऊ लागली. पुडकं आधी गार दगडासारखं होतं. मग मांडीच्या उबेने ते कोमट झालं. शेवटच्या कडव्याच्या अलीकडे ते हललं. कोकूने असा काही वरचा सूर लावला की परसातल्या कोंबड्या उडाल्या. पुडकं जमिनीवर आपटलं आणि खेकडा तिरका धावत जळणाच्या ढिगात शिरला.

ती आधी खूप हसली. मग तिचा चेहरा तापला.

"म्हणजे अनास्ताझियाला... ती बिचारी गोळ्या सोडून बसलीय, मास्तर! मी आत्ताच जाऊन त्या झगेवाल्याची—"

"थांब, थांब. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. असं करता येतं, एवढंच कळलं. तो असंच करतो हे कुठे कळलं? त्याचा खेकडा खरा असू शकेल."

"तुम्ही ना! घरात चोर सापडला तरी विचाराल, पत्ता चुकलात का?"

"पण शंका राहतेच ना."

कोकूने फोन उचलून त्यांच्या हातात दिला. जळणात खेकडा खुडखुडत होता. "त्या म्वान्झाच्या मुलीला फोन लावा," ती एकदम म्हणाली. "मला तिला काही विचारायचंय."

फोन लागला. कोकूने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत.

"खरं सांग. तुझ्या गोळीने मी बरी होईन का?"

"आजी, मला माहीत नाही," पलीकडून डॉक्टर मिन्झा म्हणाली.

"एवढं शिकून माहीत नाही?"

"माहीत असतं तर चाचणी कशाला केली असती? तुमच्यासारख्या काही बायांना आम्ही नेहमीचं औषध देणार, काहींना नेहमीचं आणि शिवाय नवी गोळी. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. मीसुद्धा निवडणार नाही."

"म्हणजे एवढ्या लांब येऊन मला जुनंच औषध मिळेल?"

"मिळू शकतं. ते चांगलंच औषध आहे, आजी. पण त्या बाया नसतील तर कळणार कसं? नवी गोळी घेऊन कुणी बरी झाली, तर ती गोळीने झाली, की जुन्या औषधाने, की अशीच? शेजारी तशीच दुसरी बाई हवी, जिने ती गोळी घेतली नाही. तरच फरक दिसतो."

कोकूने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि म्हाताऱ्याच का हव्यात तुला? कुणाला गमावलं तरी चालतं म्हणून?"

"उलट आहे, आजी. आजवर बहुतेक औषधं तरुण माणसांवर तपासली गेली. तुमच्या वयाला रक्तदाब असतो, मूत्रपिंडं दमलेली असतात. तुम्हाला किती द्यायचं हे आम्ही पुष्कळदा अंदाजाने ठरवतो."

"अंदाजाने? मी घेवड्यात मीठसुद्धा अंदाजाने घालते, पण चाखून बघते!"

"तेच तर! चाखायला कुणी येत नाही. मुलं म्हणतात, या वयात कशाला. आमचेच काही डॉक्टर म्हणतात, म्हातारीला उगाच कशाला विचारा."

हे कोकूला लागलं. गावात तिला सगळे नमस्कार करायचे, पण काही विचारायला येणारं गेल्या कित्येक वर्षांत कुणी उरलं नव्हतं.

"त्रास होईल?"

"होऊ शकतो. मळमळेल, थकवा येईल. आम्ही रक्त तपासत राहू, जास्त झालं तर थांबवू."

"आणि मध्येच मला नको वाटलं तर?"

"तर उठायचं आणि घरी जायचं. कुणी अडवणार नाही. नेहमीचा इलाज तरीही मिळेल."

फोन ठेवून कोकूने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "मास्तर, आपल्याला संदेष्ट्याच्या पुडक्यासाठी शेजारी दुसरी बाई हवी. जिला गाठबीठ काही नाही अशी. तिच्यातूनही खेकडा निघाला तर मग तुमची शंका फिटेल?"

"बरीचशी. पण अशी बाई तयार कोण होणार?"

कोकूची नजर टोपलीतल्या एका गुबगुबीत पपईवर गेली आणि तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते बघून मास्तरांना घाम फुटला.

*

शनिवारी चटईवर कोकू ऐटीत बसली. अंगाभोवती दोन कांगा गुंडाळलेले. ती नेहमीपेक्षा जरा जास्तच भरल्या अंगाची दिसत होती, पण म्हातारीच्या छातीकडे निरखून कोण बघतो? सकाळभर चुलीशेजारी ठेवून कोमट केलेली पपई तिच्या छातीशी बांधलेली होती.

संदेष्ट्याने कोश किलकिला केला आणि पुडकं काढलं. "मा कोकू! इस्पितळवाले तुला माजारिबूत ढकलत होते! खरं की नाही?"

"ढकलत होते, ढकलत होते," कोकू म्हणाली.

"आणि तू कुठे आलीस?"

"तुमच्याकडे आले. परीक्षा टाळायला."

मास्तर गर्दीच्या पुढच्या रांगेत होते. तिथे उभं राहायला त्यांना सकाळपासून मनाची तयारी करावी लागली होती.

कोकूने पुडकं कांगाच्या आत घेतलं. भजन सुरू झालं. डोळे मिटायचे असा हुकूम होता; सगळ्यांनी मिटले. मास्तरांनी अर्धे मिटले. कोकू बसल्या जागेवरून गात होती आणि शेवटचं कडवं संपल्यावर तिने भक्तीच्या भरात भजन पुन्हा पहिल्यापासून उचललं. मंडळीला तिच्यामागे जावंच लागलं. संदेष्टा चुळबुळला, पण भजन मध्येच तोडणार कसं? तिसऱ्या वेळी तर ती इतकी आळवून गाऊ लागली की लोक उन्हाने डुलायला लागले.

अखेर कोकूने पुडकं बाहेर काढलं. ते केव्हापासून धडपडत होतं. पान उघडताच खेकडा टुणकन बाहेर आला आणि संदेष्ट्याच्या बाहीला लोंबकळला.

"हालेलुया! बघा, केवढा माजलेला होता!" संदेष्ट्याने बाही झटकली. "आई, सांग सगळ्यांना, आता कसं वाटतंय?"

"मी आहे तशीच आहे," कोकू म्हणाली. तिने कांगाची गाठ सोडली, आतून पपई काढली आणि उजव्या हाताने उंच धरली. "पुडकं हिच्यावर ठेवलं होतं. हिला विचारा. हिला फार बरं वाटत असेल."

मैदानभर माना पपईकडे वळल्या. मग कुठूनतरी एक बाई फिसकन हसली.

पण संदेष्टा असा हार जाणारा नव्हता. त्याने क्षणभरच डोळे मिटले आणि कर्ण्यावरून गरजला, "पाहिलंत सैतानाची लबाडी? माझ्या हाताला घाबरून तो छातीतून पपईत पळाला! पण पपईतूनही मी त्याला सोडला नाही!"

"खरंच की," मागून कुणी म्हणालं. "पपई छातीशीच तर होती." आणि हालेलुया पुन्हा उठू लागला. आधी अर्धवट, मग मोठा.

कोकूने मास्तरांकडे पाहिलं. तिच्या पोतडीत आता काही उरलं नव्हतं.

मास्तरांना आपले पाय पुढे जाताना दिसले. शिष्याच्या हातातला माइक कोकूनेच ओढून त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी घसा खाकरला तो आवाज सरोवरापर्यंत गेला आणि ते स्वतःच दचकले.

"माझा... एकच प्रश्न आहे. खेकडा जर रोग्याच्या अंगातून पुडक्यात येतो, तर कोशातली बाकीची पुडकी अजून कुणाच्या अंगाला लागलेली नाहीत. ती रिकामी असतील. नाही का? मग उघडून बघू या."

"कोशाला हात लावणारा जागीच मरेल!" संदेष्टा ओरडला. लोक दोन पावलं मागे सरले.

मास्तर कोशाकडे वळले. त्यांच्या डोक्यातला एक कोपरा त्याही वेळी म्हणत होता, कोण जाणे, मराल खरंच. पण समोर कोकू डावा हात पोटाशी धरून उभी होती.

"मी लावतो," ते म्हणाले. "मेलो तर तुमचं खरं."

त्यांनी झाकण उचललं. गार वाफ तोंडावर आली. मास्तर मेले नाहीत. आत बर्फ होता, बर्फावर ओळीने पुडकी मांडलेली. त्यांनी एक काढलं, पण उघडायला बोटं धजेनात. तोवर गर्दीतून मा अनास्ताझिया पुढे आली आणि तिने ते त्यांच्या हातातून घेतलं. दोरी तोडली. लगद्यात एक खेकडा पाय आखडून झोपला होता.

तिने तो तळहातावर घेतला. उन्हात सगळे बघत राहिले. थोड्या वेळाने एक पाय हलला, मग दुसरा.

"हा कुणाच्या पोटातला, संदेष्टे?" अनास्ताझियाने विचारलं. तिचा आवाज अगदी हळू होता.

संदेष्टा तोपर्यंत तिरका तिरका सरकत मैदानाच्या कडेला पोचला होता. पण तिथल्या भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्या बोडाबोडावाल्याने किल्ली काढून खिशात टाकली. त्याची आईही गेल्या महिन्यात चटईवर बसली होती. लोक मारायला धावले तेव्हा मास्तर आडवे आले, आणि पोलीस येईपर्यंत झेबेदायो आपल्याच कोशावर बसून राहिला. त्याच्या झग्याला खालून ओल चढत गेली.

माइक अजून चालूच होता. आता बोललंच पाहिजे हे मास्तरांना कळलं.

"बर्फाने खेकडा गारठतो, अंगाच्या उबेने जागा होतो. आपण गातो तेवढा वेळ त्याला ऊब मिळते. आभाळ असलं की जास्त गावं लागतं. एवढाच चमत्कार आहे. मी सांगतो म्हणून मानू नका, घरी करून बघा. पण ज्यांच्या अंगात गाठ आहे त्यांनी वाट बघू नका, इस्पितळात जा. गोळ्या सोडल्या असतील तर पुन्हा सुरू करा. तिथेही प्रश्न विचारा. याने गुण येतो हे कशावरून, ज्यांना हे दिलं नाही त्यांचं काय झालं, असं विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही. जो म्हणेल की विचारू नका, उघडू नका, बघू नका, त्याच्यापुढे चटईवर बसू नका."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक आपापल्या खेकड्यांचा विचार करत घरी गेले.

*

सोमवारी म्वान्झाची बस लागली तेव्हा मास्तर आणि कोकू खिडकीजवळ बसली होती. मुजुनीने सकाळी फोन करून पुन्हा उंदराचा विषय काढला होता. कोकूने त्याला सांगितलं की उंदराला कुणी विचारत नाही आणि त्याला मध्येच उठून घरीही येता येत नाही. तिला विचारलंही आहे आणि उठून येताही येतं; सैतानाच्या माजारिबूत असं काही नसतं.

"आणि चिठ्ठीत तुला जुनंच औषध आलं तर?" मास्तरांनी विचारलं. शंका त्यांना अजून होत्याच.

"तर मी जुनं घेईन. कुणीतरी पपई व्हायलाच हवं, मास्तर. उद्या आपल्या नातीला म्हातारपणी तरी मोजून औषध मिळेल."

बसच्या पायऱ्यांवर अनास्ताझिया दिसली. हातात गाठोडं होतं. दोन दिवस ती कोकूशी बोललेली नव्हती. रस्त्यात भेटली तेव्हा तोंड फिरवून गेली होती. आताही ती सीटजवळ येऊन नुसती उभी राहिली.

"माझा खेकडा काढून घेतलास तू," ती म्हणाली. "चांगली झोप लागत होती मला."

"माहितीये," कोकू म्हणाली.

"मग माझी गाठ आता कुठे आहे?"

"होती तिथेच आहे, बाई."

अनास्ताझियाने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"ती तुझी डॉक्टरीण. बरं करीन म्हणाली का?"

"नाही. माहीत नाही म्हणाली. बघू म्हणाली."

अनास्ताझियाने गाठोडं सीटखाली सरकवलं.

"मग सरक तिकडे," ती म्हणाली आणि शेजारी बसली.